५० लिटरची सॅक: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर मी ५० लिटरची एक सॅक घेतली आणि जून ते मार्च या दहा महिन्यांत ती अकरा वेळा पाठीवर चढली. आम्ही गोव्यात, फोंड्याला राहतो. महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि एका मित्राचे कुटुंब असे सहा जण कुठेतरी पायी हिंडायला निघतो आणि रात्र ओळखीच्या घरी किंवा गावातल्या होमस्टेमध्ये काढतो. तंबू आम्ही नेत नाही, कारण अभयारण्यात तो परवानगीशिवाय ठोकता येत नाही आणि आगोंद, गालजीबाग यांसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर तो ठोकणे मला पटत नाही. त्यामुळे हा अनुभव हिमालयात आठवडाभर चालणाऱ्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. सॅकचे नाव देत नाही, कारण याच घडणीच्या सॅका बाजारात चार-पाच नावांनी मिळतात. किंमत चार हजारांच्या आत होती, रिकामे वजन १.८ किलो आहे.

आधीची सॅक कशी गेली हे सांगितल्याशिवाय नव्या सॅकविषयी लिहिणे अर्धवट ठरेल. ती फाटली नव्हती, उसवलीही नव्हती. तीन पावसाळे माळ्यावर पडून राहिल्यानंतर एके दिवशी उघडली, तर आतला पाणीरोधक थर बोटांना गुळासारखा चिकटू लागला आणि त्याचे पापुद्रे कपड्यांवर गळू लागले. सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की तो हळूहळू विघटित होतो आणि एकदा चिकट झाला की पुन्हा पूर्ववत होत नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत जी सॅक दहा वर्षे टिकते, तीच आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात हात टेकते, ती यामुळे. म्हणून या वेळी खरेदी करताना मी कप्पे मोजण्याऐवजी आतले कापड उलटून पाहिले आणि लेप एकसारखा असलेली सॅक निवडली.

पहिली परीक्षा जुलैत झाली. पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांवर जाण्यावर वन खाते निर्बंध घालते, त्यामुळे आम्ही चोर्ला घाटाच्या माथ्यावरच्या सुर्ला गावात मित्राच्या नातलगांकडे गेलो आणि दोन दिवस गावाच्या रस्त्यांनी व पठाराच्या कडेकडेने फिरलो. सोबत आलेले रेनकव्हर घातले होते, तरी दीड तासाच्या पावसात पाठीकडच्या बाजूचे सगळे कपडे भिजले. दोष एका अर्थी रेनकव्हरचा नव्हे. ते सॅकची बाहेरची बाजू झाकते. मानेवरून, खांद्याच्या पट्ट्यांवरून ओघळलेले पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधल्या फटीतून शिवणींत मुरते, तिथे कोणतेच कव्हर पोहोचत नाही. घाटातला वारा आडवा सुटला तेव्हा त्याच कव्हरच्या तळाशी तांब्याभर पाणी साचले होते, हे मात्र सरळसरळ निकृष्ट शिवणकाम. तळाला पाणी जायला एक भोक ठेवले असते तरी भागले असते. यजमानीणबाईंनी रात्री खताच्या गोणीतले आतले जाड प्लास्टिक धुऊन, पुसून दिले आणि म्हणाल्या, “सामान आधी यात घाला, मग तुमच्या त्या पिशवीत.” त्यानंतर आजवर एकही कपडा भिजलेला नाही. रेनकव्हर मी आता घरीच ठेवतो.

चालताना मात्र सॅक खरोखर चांगली आहे, आणि त्याचे सगळे श्रेय कंबरपट्ट्याला. मानेच्या मुळाशी जो उंचवटा हाताला लागतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर ही पाठीची लांबी. सॅक त्या मापाला बसवायची असते, आपल्या उंचीला नव्हे. माझी पाठ ४६ सेंटिमीटर भरली. आतली सरकपट्टी त्या मापाला लावून आधी कंबरपट्टा हाडांवर घट्ट बसवायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, आणि शेवटी खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक पट्ट्या किंचित ताणायच्या, हा क्रम पाळला की ओझ्याचा मोठा हिस्सा कमरेवर उतरतो आणि खांद्यांना केवळ तोल सांभाळण्याचे काम उरते. जानेवारीत वन खात्याची परवानगी घेऊन आम्ही चौघे मोठे सोसोगडावर गेलो होतो. हे गोव्यातले सर्वांत उंच शिखर. चढ सोपा नाही, पण उतरल्यावर माझे गुडघे बोलत होते, खांदे नाही. पूर्वीच्या सॅकने हा अनुभव कधीच दिला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो ती. ५० लिटर हे माप एका माणसासाठी चुकीचे नाही, कुटुंबासाठी चुकीचे आहे. सॅकमध्ये जागा दिसली की घरातल्या प्रत्येकाला आपली एकेक वस्तू तिच्यात टाकावीशी वाटते आणि नाही म्हणणे अवघड होते. नोव्हेंबरात नेत्रावळीला मैनापी धबधब्याच्या वाटेवर निघण्यापूर्वी सॅक सहज काट्यावर ठेवली तर १५ किलो भरली. माझे वजन ६८ किलो. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापलीकडे जाऊ नये असा चालणाऱ्यांमधला जुना हिशेब आहे, म्हणजे माझी मर्यादा साडेतेरा किलोंच्या आसपास. उघडून पाहिले. तिघांचे पाणी पाच लिटर, म्हणजे पाच किलो. चपात्या, सुकी भाजी आणि सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले उंडे (गोल पाव). मुलीच्या रंगपेट्या दोन. मित्राच्या पत्नीचा जाडजूड टॉवेल, कारण “भावोजी, तुमच्याकडे जागा आहे ना?” त्या दिवशी मी सगळ्यांच्या मागे राहिलो, आणि तहान लागली की पाणी माझ्यापाशी, त्यामुळे पुढे गेलेली मंडळी वरचेवर थांबून माझी वाट पाहत होती. डिसेंबरात खोतीगावच्या अभयारण्यात गेलो तेव्हा प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या पाठीवर, मुलीकडे अर्ध्या लिटरची बाटली आणि तिचे रंग, असा नियम केला. माझी सॅक साडेनऊ किलोंवर आली आणि मागे राहण्याची पाळी मुलीवर आली, तीही फुलपाखरांमुळे.

पाणी एकाच सॅकमध्ये ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, ती या सॅकच्या घडणीमुळे वाढते. जड वस्तू पाठीला लागून, दोन खवाट्यांच्या मधोमध असावी म्हणजे तोल मागे जात नाही. पण येथे पाण्याच्या बाटल्यांचे खिसे बाहेर, दोन्ही कडांना आणि खूप खाली आहेत. एका बाजूची बाटली रिकामी झाली की सॅक दुसऱ्या बाजूला कलते आणि ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर हे लगेच जाणवते.

तळाचा वेगळा कप्पा मला घेताना अनावश्यक वाटला होता. जळवा झटकून काढलेले मोजे आणि ओले कपडे वरच्या सामानात मिसळू नयेत यासाठी तो अतिशय उपयोगी आहे. मात्र मधला पडदा साध्या कापडाचा असल्यामुळे ताम्बडी सुर्लाहून परतताना ओल्या कपड्यांचे पाणी वर चढून कोरडी चादर भिजली. तिथेही खताचे प्लास्टिकच कामाला आले.

फेब्रुवारीत काणकोणच्या किनाऱ्याने चाललो. दोनच दिवसांत बाहेरच्या खिशाची चेन अडकू लागली. दात प्लास्टिकचे असले तरी ओढायचा सरका धातूचा आहे आणि खाऱ्या हवेने त्यावर पांढरी बुरशीसारखी साय धरली होती. गोड्या पाण्याने धुऊन, मेणबत्ती घासून ती सुरळीत झाली. कंबरपट्ट्याचे बकल मात्र बसच्या दारात सापडून फुटले. कंपनीला लिहिले, तर तीन आठवड्यांनी उत्तर आले की हमी शिवणीची आहे, बकलची नाही. उत्तर नियमाला धरून असेल, पण सुटे बकल विकत देण्याचीही सोय नसावी हे मला खटकले, कारण त्या एका तुकड्याशिवाय कंबरपट्टा, आणि कंबरपट्ट्याशिवाय ही सॅक, निरुपयोगी आहे. शेवटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जवळपास त्याच मापाचे बकल मिळाले आणि एका चप्पल दुरुस्त करणाऱ्याने ते शिवून दिले. त्याची शिवण मूळ शिवणीपेक्षा भक्कम आहे. छातीच्या पट्ट्यावरच्या बकलला असलेली शिट्टी मुलगी येता-जाता वाजवते, म्हणून ती गुणांत धरावी की दोषांत, यावर आमच्या घरात एकमत नाही.

सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत आणि तो गोचिडींमधून पसरतो, त्यामुळे काजूच्या हंगामात सॅक पालापाचोळ्यावर टेकवत नाही, दगडावर ठेवतो किंवा फांदीला टांगतो. वरचा उचलण्याचा पट्टा त्यासाठी पुरेसा रुंद आहे, हे उत्पादकाने कळत वा नकळत चांगले केले आहे.

ऑगस्टात खांद्याच्या पट्ट्यांच्या फोमवर हिरवट बुरशी आली होती. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीतच वाळवली, कारण कडक ऊन नायलॉनला मारते. आता माळ्याऐवजी ती कपाटात, तिथली हवा कोरडी राहावी म्हणून छोटा पिवळा बल्ब लावून, रिकामी आणि चेना उघड्या ठेवून टांगलेली असते. पत्नीसाठी आणि मित्रासाठी प्रत्येकी ३० लिटरची सॅक पाहिली आहे. पत्नीची पाठ ४१ सेंटिमीटर असल्यामुळे ती दुकानात उभी राहून, आत दोन वीट-वजनाच्या पुस्तकांचे गठ्ठे घालून, पंधरा मिनिटे चालून पाहिल्याशिवाय घेणार नाही. मोठ्या सॅकच्या तळाच्या शिवणींना मेमध्ये पाणीरोधक डिंक लावायचा आहे, तेवढे झाले की ती दुसऱ्या पावसाळ्याला सिद्ध होईल.