खाली माग, वर घर: लिफ्ट कोणती बसवावी?

खाली यंत्रमाग, पहिल्या मजल्यावर टॉवेलची शिलाई आणि पॅकिंग, दुसऱ्यावर बिऱ्हाड. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. लिफ्टचा विषय निघाला की मालक एकच सांगतो, "माल पण जाईल आणि आई पण जाईल, अशी बघा." गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नुसता माल चढवायचा तर लिफ्ट कशाला? स्लॅबमध्ये चौकोन सोडायचा, वर लोखंडी तुळईला इलेक्ट्रिक होइस्ट, म्हणजे विजेवर साखळीने माल ओढणारं यंत्र, लावायचं. सुताच्या कोनची पोती, टॉवेलचे गठ्ठे आरामात चढतात, खर्चही लिफ्टच्या मानाने किरकोळ. मात्र त्या चौकोनाला कठडा आणि फाटक हवंच. आणि गठ्ठ्यावर बसून कोणीही वर यायचं नाही, पोरंटोरं तर मुळीच नाही. लिफ्ट बनवणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टच्या पाळण्यात उभं राहून वरचा दोर तोडायला लावला आणि पाळणा जागीच अडकला. माणसांच्या लिफ्टमध्ये ती अडकण्याची सोय असते, होइस्टमध्ये नसते. साखळी तुटली की खेळ खलास.

आईसाठी मात्र लिफ्टच. त्यात दोन जाती: दोराची आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. दोराच्या लिफ्टला पलीकडून वजनाचा तोल असतो, म्हणून मोटर लहान पुरते आणि दिवसभर वर-खाली केली तरी कुरकुर नाही. हायड्रॉलिकला बहुधा असा तोल नसतो. चढताना मोटर सगळं वजन तेलाच्या दाबावर ढकलते, उतरताना फक्त व्हॉल्व्ह उघडतो. त्यामुळे मोटर मोठी लागते आणि मंजूर वीजभार वाढवावा लागू शकतो. फायदा असा की भार खालच्या खड्ड्यात उतरतो, गच्चीवर मशीनची खोली लागत नाही. जुन्या भिंतींच्या घराला हे मोलाचं. वीज गेली तरी व्हॉल्व्हने खाली आणता येते. दोराच्या लिफ्टला त्यासाठी बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेणारं यंत्र वेगळं मागून घ्यावं लागतं. ते कोटेशनमध्ये आहे का, आधी बघा.

पण आपल्याकडचा मे महिना! दिवसभर मालाच्या खेपा केल्या तर हायड्रॉलिकचं तेल तापून पातळ होतं आणि लिफ्ट रडायला लागते. घरच्या आठ-दहा खेपांना काही होत नाही.

म्हणून माझं मत: मालाला होइस्ट, माणसांना चार जणांची, म्हणजे २७२ किलोची लिफ्ट. घर जुनं असेल तर हायड्रॉलिक, नवं बांधत असाल तर दोराची. दोन्ही कामं एकाच लिफ्टवर टाकायचीच असतील तर दोराचीच घ्या, मोठ्या क्षमतेची. सरकता जिना मॉलवाल्यांना लखलाभ.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे बसवण्याआधी परवानगी आणि चालू करण्याआधी परवाना लागतो. खाली कारखान्याची नोंद असेल तर १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार तिथल्या लिफ्टची दर ६ महिन्यांनी तपासणीही लागायची; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, म्हणून आताचा नियम विचारून घ्या. "कागदपत्रं नंतर बघू" म्हणणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून वाटेला लावा.