फिल्म खरी, जॉइंट भलताच: पाइपिंग फॅब्रिकेशनमधली फसवणूक कशी होते आणि कुठे सापडते

रेडिओग्राफी म्हणजे वेल्डचा एक्स-रेसारखा फोटो. तिचा बोगस रिपोर्ट पकडणं अवघड जातं, कारण त्याला जोडलेली फिल्म बहुतेक वेळा अस्सल असते. फिल्मवरचा वेल्डही उत्तम असतो. फक्त तो त्या जॉइंटचा नसतो.

ज्या प्रकरणावरून हे लिहितो आहोत ते रिफायनरीच्या एका पाइपिंग पॅकेजचं. लाइनी काही कार्बन स्टीलच्या, काही क्रोम-मॉलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या). स्पूल (वेल्ड करून जोडलेले पाइपचे तयार भाग) फॅब्रिकेटरच्या शॉपमध्ये बनवून साइटवर आणायचे आणि बिल इंच-डायावर, म्हणजे जॉइंटच्या व्यासांच्या इंचांतल्या बेरजेवर. डोसिअर, म्हणजे तपासणीच्या कागदांची फाइल, वेळेत आलं आणि त्यात काहीच कमी नव्हतं: फिट-अप, व्हिज्युअल, फिल्मसकट रेडिओग्राफीचे (आरटी) रिपोर्ट, मटेरियलची सर्टिफिकिटं, वेल्डरची कार्डं, सगळीकडे सही-शिक्का. साइटवर सपोर्टशी क्लॅश आला म्हणून ६ इंची एक स्पूल कापावा लागला, आणि कापलेल्या तोंडातून शेजारचा जॉइंट आतून दिसला. परिघाच्या जवळपास चौथ्या भागात पेनिट्रेशनच नव्हतं, म्हणजे वेल्ड तळापर्यंत पोचलाच नव्हता. बेव्हलच्या (वेल्डसाठी तिरक्या केलेल्या) कडा ग्राइंड केल्या होत्या तशाच कोऱ्या. डोसिअरमध्ये त्याच जॉइंटच्या तीन फिल्म होत्या, तिन्ही स्वच्छ.

एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या अमेरिकन कोडमधल्या नेहमीच्या सेवेच्या निकषात अपुरं पेनिट्रेशन १ मिमीपेक्षा खोल चालत नाही, आणि १५० मिमी लांबीत सगळं मिळून ३८ मिमीच्या वर चालत नाही. ६ इंची पाइपचा परीघ साधारण ५३० मिमी. त्याचा चौथा भाग म्हणजे १३० मिमी सलग. असा जॉइंट फिल्मवर ठळक काळ्या सरळ रेषेने दिसतो, शिकाऊ माणसालाही चुकत नाही. म्हणजे फिल्म वाचण्यात चूक झालेली नव्हती.

शॉपमध्ये केलेलं असं. त्याच मापाचा एक जॉइंट रोलरवर फिरवत चांगल्या वेल्डरकडून करून घेतलेला. रात्री त्याच जॉइंटवर शिशाचे (फिल्मवर जॉइंट नंबर उमटवणारे) आकडे बदलत शॉट मारायचे, म्हणजे किरण सोडून फिल्म घ्यायच्या. कधी मार्कर पट्टा थोडा सरकवायचा, कधी पाइप थोडा फिरवायचा, की प्रत्येक फिल्म वेगळी वाटते. रेडिओग्राफी रात्री होते, भोवती दोरी बांधलेली असते, आणि किरणोत्सर्गी सोर्सच्या जवळ कोणी थांबत नाही. सुरक्षेचा हा नियमच आडोसा होतो.

असं करण्याची गरज का पडते ते बी३१.३ मध्येच आहे. नेहमीच्या सेवेसाठी सगळे जॉइंट नव्हे, ५ टक्के तपासायचे असतात. त्यातला एक नापास झाला की त्याच वेल्डरचे आणखी दोन घ्यायचे. त्यातलाही नापास झाला तर त्या प्रत्येकामागे पुन्हा दोन, आणि तरीही नापास तर त्या लॉटमधले सगळेच. एका वाईट फिल्मची किंमत गाउजिंग (वाईट वेल्ड खोदून काढणं), नवा वेल्ड आणि नवा शॉट एवढ्यावर थांबत नाही, ती वाढत जाते. शिवाय एनडीटी एजन्सीचं (जॉइंट न तोडता तपासणाऱ्या कंपनीचं) बिल फॅब्रिकेटरच चुकतं करत असेल, तर वाईट फिल्म दाखवण्यात कुणाचाच फायदा नसतो. शेकडो जॉइंट झाले आणि एकही रिपेअर नाही, अशा आकड्यावर मीटिंगमध्ये टाळ्या पडतात. खरं तर तिथेच चौकशी सुरू व्हायला हवी.

फिल्म तपासायची ती इतर फिल्मशी आणि प्रत्यक्ष जॉइंटशी ताडून. आधी एकाच मापाच्या, एकाच शेड्यूलच्या (भिंतीच्या जाडीच्या) सगळ्या फिल्म एकत्र काढा, कारण डमी जॉइंटही त्याच मापाचा लागतो. मग दोन-दोन फिल्म व्ह्यूअरवर एकमेकींवर ठेवून सरकवा. रूटच्या (वेल्डच्या तळच्या पहिल्या थराच्या) कडेची वळणं, तार जिथे थांबवून पुन्हा सुरू केली ती जागा, एखादा बारीक पोअर (छिद्र), टिग वेल्डिंगच्या रूटमध्ये पडलेला टंगस्टनचा पांढरा ठिपका, यांची जुळणी दोन वेगळ्या जॉइंटमध्ये होत नाही. फिल्म उलटी करून आणि टोकं बदलूनही बघा. या प्रकरणात ज्या जोड्या सुलट जुळल्या नाहीत, त्यातल्या बऱ्याच पालथ्या ठेवल्यावर जुळल्या.

त्यानंतर फिल्म हातात घेऊन स्पूलपाशी जा. ३½ इंचापेक्षा मोठ्या बाह्य व्यासाच्या पाइपला एका वेळी एकाच भिंतीची प्रतिमा घेतात आणि फिल्म वेल्डला चिकटलेली असते, त्यामुळे कॅपची (वेल्डच्या सगळ्यात वरच्या थराची) रुंदी फिल्मवर जवळजवळ खऱ्या मापात येते. ती स्केलने मोजा आणि जॉइंटवरही त्याच भागात मोजा. कॅपवर डोळ्यांना दिसणारा स्टॉप, ग्राइंडरचा ओरखडा, अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) हे फिल्मवर त्याच अंतरावर दिसलंच पाहिजे. त्यासाठी पाइपवर शून्याची खूण आणि दिशेचा बाण लो-स्ट्रेस पंचने मारलेला हवा. तो नसेल तर कुठली फिल्म कुठल्या भागाची हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि फॅब्रिकेटरला नेमकं तेच हवं असतं.

पक्का पुरावा मात्र वेगळ्याच कागदांत मिळाला. डोसिअरमधले सगळे कागद एकाच टेबलावर तयार होतात, म्हणून एकमेकांशी जुळतात. ज्या कागदांवर त्या टेबलाचा ताबा नाही, ते आणून शेजारी ठेवायचे. पहिला कागद म्हणजे रेडिओग्राफीचं परमिट आणि सोर्स खड्ड्यातून बाहेर काढल्याची नोंद. फिल्मवर तारीख आहे पण त्या रात्री सोर्स बाहेरच निघालेला नाही, असे शॉट निघाले. दुसरा कागद सोर्सच्या ताकदीचा. इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. आज एका जाडीला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ अडीच महिन्यांनी त्याच सोर्सला, त्याच अंतरावर, तेवढ्याच जाडीसाठी लागतो. रिपोर्टमध्ये मात्र पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत क्युरीही (सोर्सची ताकद) तेवढेच आणि मिनिटंही तेवढीच. मधे सोर्स बदललेला नव्हता. एकाच रिपोर्टची नक्कल करत गेलं की हे होतं. तिसरा हिशेब साधा आहे: एका शॉटचा वेळ, फिल्म लावण्याचा वेळ आणि सोर्स हलवण्याचा वेळ यांची बेरीज करून रात्रीच्या तासांना भागा. रात्री अमुक शॉट झाले असं लिहिलंय, तेवढे होणं शक्य आहे का ते लगेच कळतं.

इथवर पोचल्यावर मटेरियलवरही संशय येणारच, आणि तो खरा निघाला.

एएसटीएम ए१०६ ग्रेड बी म्हणजे सीमलेस, बिनशिवणीचा पाइप. त्याच्या मिलच्या (पाइपच्या कारखान्याच्या) ईएन १०२०४, ३.१ प्रकारच्या सर्टिफिकिटांवर हीट नंबर (पोलाद ज्या एका वितळणीतून आलं तिचा क्रमांक), रसायन, ताण चाचणी सगळं नियमात होतं, कारण सर्टिफिकिटं खरीच होती. स्टॉकिस्टकडे एका लॉटचं खरं सर्टिफिकिट असलं, की त्याच्या झेरॉक्स दुसऱ्या कुठल्याही पाइपसोबत जातात. हे पकडायला मोठी लॅब लागत नाही, बेरीज लागते. आयसोमेट्रिकवरून (लाइनच्या ड्रॉइंगवरून) प्रत्येक हीट नंबरची वापरलेली लांबी काढा, ऑफकट (कापून उरलेले तुकडे) मिळवा आणि सर्टिफिकिटावरच्या एकूण लांबीशी ताडा. सर्टिफिकिटावर आहे त्याहून जास्त मीटर पाइप वापरला गेला असेल, तर उरलेला पाइप दुसऱ्याच कुठल्या तरी लॉटमधून आलेला असतो. या कामात एका हीटचा पाइप सर्टिफिकिटापेक्षा कितीतरी जास्त भरला.

मग पाइप बघायचे. मिलचा पाइप असेल तर त्यावर मिलची रंगाची स्टेन्सिल असते. इथे ती घासून काढलेली होती आणि जागोजागी हाताने मारलेले पंच होते. तिरक्या पायाचा ४ हा आकडा पाइपवर आणि शॉपच्या जॉइंट नंबरांत एकसारखाच होता. संशयित पाइपचं टोक पॉलिश करून त्यावर पातळ नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण लावलं की ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून विजेने जोडलेल्या) पाइपची शिवण जाडीत आडव्या रेषेसारखी उमटते. आतला उंचवटा खरवडून काढला असला तरी ती रेषा जात नाही. दुसरी खूण सिलिकॉनची. ए१०६ ला किमान ०.१० टक्के सिलिकॉन लागतं, ए५३ या दुसऱ्या प्रकारच्या पाइपला अशी किमान अट नाही. ओईएस या रसायन मोजणाऱ्या यंत्रावर ०.०२ टक्के आलं तर सर्टिफिकिटात काहीही लिहिलेलं असो, तो ए१०६ नाही.

सिलिकॉनकडे क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं सांगतो. गरम, गंधकयुक्त तेलात कमी सिलिकॉनचं कार्बन स्टील जास्त वेगाने झिजतं. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथल्या शेव्हरॉन रिफायनरीत जो पाइप फुटून मोठी आग लागली, त्या तुकड्यात सिलिकॉन फक्त ०.०१ टक्के होतं. तिथे कुणी फसवलं नव्हतं, पाइपच जुन्या काळचा होता. पण पोलादाला कारण कळत नाही, ते त्याच वेगाने झिजतं.

सर्टिफिकिटाची खातरजमा मिलकडून करून घेताना एक पथ्य पाळा. त्यावर छापलेल्या फोन नंबरवर किंवा मेलवर विचारू नका. मिलचा पत्ता स्वतंत्रपणे शोधा आणि सर्टिफिकिटाची प्रत पाठवून विचारा: असं दिलं होतं का, कुणाला आणि किती मीटरचं?

क्रोम-मॉलीच्या लाइनींत खेळ आणखी बारीक होता. पी११ या क्रोम-मॉली पाइपला क्रोमियम १.०० ते १.५० टक्के आणि मॉलिब्डेनम ०.४४ ते ०.६५ टक्के लागतं. गनने पीएमआय (मिश्रधातू ओळखण्याची तपासणी) केल्याचे रिपोर्ट होते, पण प्रत्येक स्पूलवर आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत एकच. खरी गन त्याच पाइपवर १.२१, मग १.२४, मग १.१९ दाखवते. इथे पी११ चा एक तुकडा टेबलावर ठेवून सगळे रिपोर्ट काढलेले. गनच्या मेमरीतला मूळ डेटा वेळेसकट मागितल्यावर दिसलं, की वेगवेगळ्या यार्डांतल्या स्पूलांच्या रीडिंगमध्ये काही सेकंदांचंच अंतर आहे.

गनची मर्यादाही माहीत हवी. ही एक्स-रेवर चालणारी एक्सआरएफ गन कार्बन मोजत नाही, म्हणून ३०४ आणि कमी कार्बनचं ३०४एल ही दोन स्टेनलेस स्टील तिला सारखीच. आणि ती फक्त वरच्या पृष्ठभागाचा पातळसा थर बघते. रूट आणि त्यावरचा हॉट पास साध्या कार्बन स्टीलच्या ईआर७०एस-२ तारेने भरून वर क्रोम-मॉलीच्या ई८०१८-बी२ ची कॅप चढवली, तर बाहेरून रीडिंग पास होतं. स्पूलचं टोक उघडं असेल तर आतून रूटवर गन लावा. ते शक्य नसेल तर स्टोअरची वही मागवा. ६ इंची जॉइंटच्या रूटला हिशेबाने ६० ते ८० ग्रॅम तार जाते, म्हणजे क्रोम-मॉलीच्या ईआर८०एस-बी२ तारेच्या ५ किलोच्या पाकिटात सत्तरेक रूट होतात. वहीत दोन पाकिटं आणि कामात पाचशे जॉइंट असतील, तर बाकीचे कशाने भरले हा प्रश्न वेल्डरला नव्हे, मालकाला विचारा. २००५ मध्ये टेक्सास सिटीच्या रिफायनरीत दुरुस्तीनंतर मिश्रधातूच्या एल्बोच्या जागी साधा कार्बन स्टीलचा एल्बो बसला. गरम हायड्रोजनने तो आतून कमकुवत होऊन फुटला आणि आग लागली. तीही चूकच होती. रंग दिल्यावर दोन्ही एल्बो सारखेच दिसतात.

पीडब्ल्यूएचटीच्या (वेल्डनंतर जॉइंट तापवण्याच्या) चार्टांबद्दल थोडक्यात. तापमान मोजणाऱ्या दोन थर्मोकपलच्या रेषा संपूर्ण वेळ तंतोतंत एकमेकींवर असतील, तर दोन्ही एकाच जागी तरी लावलेले असतात किंवा एकाचाच सिग्नल दोन पेनांना दिलेला असतो. जॉइंटवर थर्मोकपल टॅक केल्याची खूण शोधा आणि हार्डनेस (कडकपणा) मोजा. हायड्रोटेस्टवर (पाण्याच्या दाबाच्या चाचणीवर) तर अजिबात विसंबू नका. डिझाइन प्रेशरच्या दीडपट दाबाला अर्धवट रूटचा जॉइंट आरामात टिकतो. तो नंतर सुटतो, थकव्याने किंवा गंजाने.

ऑर्डर देतानाच कागदावर घ्यायच्या गोष्टी अशा. एनडीटी एजन्सी क्लायंटने नेमायची आणि पैसेही क्लायंटनेच द्यायचे. कोणते जॉइंट शूट करायचे हे वेल्डिंग झाल्यावरच सांगायचं, आधी नाही, नाहीतर नेमके तेच जॉइंट चांगला वेल्डर करतो. इन्स्पेक्टरने शिशाच्या अक्षरांचा स्वतःचा संच ठेवायचा, शॉटआधी आपल्या हाताने चिकटवायचा आणि शॉटनंतर काढून न्यायचा. वेगळ्या एजन्सीकडून काही जॉइंट अचानक पुन्हा शूट होतील आणि फिल्म जुळली नाही तर सगळ्या फेरतपासणीचा खर्च फॅब्रिकेटरवर, हे कलम घाला. इंच-डायाच्या बिलातले शेवटचे पैसे फिल्म, सोर्सच्या नोंदी आणि गनचा मूळ डेटा ताब्यात आल्यावरच सोडा.

संशय आला की आधी फॅब्रिकेटरला फोन करू नका. फिल्म आधी ताब्यात घ्या, कारण चौकशीचा वास लागला की फिल्मच्या खोलीत नेमकं त्याच आठवड्यात पाणी शिरतं. मग वेल्डरनुसार जॉइंटची यादी करा, स्पूल हलवणं थांबवा, आणि जे आधीच उभे राहिलेत त्यांना इन्सुलेशन चढायच्या आत गाठा. जिथे सोर्स नेता येत नाही तिथे फेज्ड ॲरे अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची तपासणी) चालतं, मात्र लहान व्यासाच्या पातळ पाइपला त्याची पद्धत आधी त्याच मापाच्या सदोष नमुन्यावर सिद्ध करून घ्या.

नाकारलेला पाइप लाल पट्टा मारून परत पाठवू नका. पट्टा ग्राइंडरने दोन मिनिटांत निघतो, आणि तोच पाइप नव्या पंचासकट दुसऱ्या कामावर पोचतो. हीट नंबरचा भाग कापून स्वतःकडे ठेवा, बाकीच्या पाइपचे हातभर लांबीचे तुकडे करा, वजन चलनावर लिहा, आणि मगच गेटपास द्या.