व्हाउचर की तोच पैसा सरकारी शाळेत? ठरवताय तर हे बघून घ्या

व्हाउचरची आयडिया ऐकायला भारी वाटते. सरकार एका मुलावर जेवढा खर्च करतं तेवढी रक्कम पालकांच्या नावावर द्यायची, त्यांनी ती हव्या त्या खासगी शाळेत फी म्हणून भरायची, मग शाळांमध्ये चुरस लागणार आणि सगळ्यांचंच शिक्षण सुधारणार, असं ते गणित. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्येच हे मांडलं होतं. दुसरा पर्याय म्हणजे तोच पैसा सरकारी शाळेत घाला, शिक्षक वाढवा, वर्ग लहान करा. ऐकायला बोअर आहे, पण मी याच बाजूचा, आधीच सांगून टाकतो.

पहिलं निवडीचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. व्हाउचर म्हणजे पालकांना निवड, असं म्हणतात. पण समजा जागा 40 आणि अर्ज आले 200, तर निवडणार कोण? शाळाच ना! मुलाखत घ्या, आधीचे मार्क बघा, आईवडील काय करतात ते विचारा, आणि ज्याच्यावर जास्त मेहनत घ्यावी लागेल त्याला गोड बोलून वाटेला लावा. सरकारी शाळेला हे जमत नाही, दारात आलेलं मूल घ्यावंच लागतं. अपंग मुलांचं तर अजून अवघड, अमेरिकेत व्हाउचर घेऊन खासगी शाळेत गेलं की सरकारी शाळेत कायद्याने मिळणारे विशेष शिक्षणाचे बरेच हक्क मागेच राहतात, आणि हे अनेक पालकांना प्रवेश झाल्यावर कळतं.

चिलीमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. 1981 पासून तिथे देशभर व्हाउचर, पुढे शाळांना व्हाउचरच्या रकमेवर वेगळी फी घ्यायलाही परवानगी दिली, आणि झालं काय तर ऐपतवाली मुलं एकीकडे, गरीब मुलं दुसरीकडे. सरकारी शाळांमधली मुलं निम्म्याहून कमी झाली. शेवटी प्रचंड विद्यार्थी आंदोलनं झाली आणि 2015 मध्ये कायदा करून मुलं निवडणं, नफा आणि वरची फी यांना टप्प्याटप्प्याने चाप लावावा लागला. स्वीडनमध्ये 1992 पासून व्हाउचर, तिथे वरची फी निदान पुढे बंद केली, पण नफ्याला मोकळीक दिली, आणि 2013 मध्ये शाळा चालवणारी एक मोठी कंपनी बुडाली तेव्हा हजारो मुलांची शाळा धोक्यात आली.

बरं, पैशाचं. लोक म्हणतात मूल गेलं तर त्याचा खर्चही गेला ना, मग सरकारी शाळेचं नुकसान कसलं? असं होत नाही हो. तीसच्या वर्गातून तीन मुलं गेली तरी शिक्षक एकच लागतो, छप्पर तेवढंच, वीजबिल तेवढंच, फक्त पैसा तीन मुलांचा कमी. आणि व्हाउचर सरसकट सगळ्यांना दिलं तर वेगळीच गंमत, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने 2022 मध्ये तसं केलं तेव्हा सुरुवातीला अर्ज केलेल्यांपैकी बहुतेक मुलं आधीपासूनच सरकारी शाळेत नव्हती. म्हणजे जी फी घरचे भरतच होते ती आता सरकार भरणार.

निकालाच्या बाबतीत व्हाउचरवाल्यांची बाजूही सांगतो. कोलंबियात 1990च्या दशकात गरीब वस्त्यांमधल्या मुलांना लॉटरीने व्हाउचर दिले, सव्वा लाखाच्या आसपास, आणि ज्यांना मिळाले त्यांची प्रगती खरंच बरी होती. पण अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लॉटरीने व्हाउचर मिळालेली मुलं गणितात चक्क मागे पडली. तिथल्याच मिलवॉकी शहरात तर 1990 पासूनच्या पहिल्या 25 वर्षांत व्हाउचर घेणाऱ्या शाळांपैकी साधारण 41 टक्के बंद पडल्या. वर्षाच्या मध्यात शाळा बंद झाली तर ते मूल जाणार कुठे? त्याच सरकारी शाळेत, जिचा पैसा आपण कमी केला.

हिशोबाचं थोडक्यात, सरकारी शाळेचं ऑडिट होतं, परीक्षेचे निकाल जाहीर होतात, व्हाउचर घेणाऱ्या खासगी शाळांना बऱ्याच ठिकाणी तेवढं बंधन नसतं.

आता तुमच्यापुरतं. एक पालक म्हणून तुम्हाला व्हाउचर मिळत असेल, जवळची सरकारी शाळा खरंच वाईट असेल, तर घ्या, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही, मूल काही प्रयोगासाठी नसतं. पण योजनेला पाठिंबा द्यायचा की नाही हे ठरवत असाल तर माझं उत्तर नाही असंच आहे, सरसकट योजनेला तर अजिबातच नाही. फक्त गरीब मुलांसाठी, लॉटरीने प्रवेश, वर एक पैसाही फी नाही आणि सरकारी शाळेसारखीच परीक्षा, एवढं सगळं लिहून दिलं असेल तर बोलू. योजनेचा मसुदा हातात आला की आधी एकच शोधा, शाळेला मूल नाकारता येतं का. त्यावर मसुदा गप्प असेल तर नाकारता येतं असंच धरा.