सायबर विमा की स्वतःची तयारी: आधी पैसा कुठे घालावा?

हाताशी आहे तेवढा पैसा सायबर विम्याच्या हप्त्यात घालायचा, की बॅकअप, सराव आणि जादा माणसांवर? जोखीम सांभाळणाऱ्याला हे कोडं दर वर्षी सोडवावं लागतं. संचालक मंडळाचा कल बहुधा विम्याकडे असतो, कारण पॉलिसीचा कागद बैठकीत दाखवता येतो. माझा कल उलटा आहे.

पहिला फरक वेळेचा. जून 2017 मध्ये संगणक निकामी करणारा नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. दहा दिवसांत त्यांनी ते केलं, नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं. पण नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरची एकच धड प्रत उरली होती, घानातल्या कार्यालयात. तीही का वाचली, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! ती प्रत नसती तर विम्याच्या कितीही पैशाने ते दहा दिवस दहाच राहिले नसते.

त्याच हल्ल्यात सापडलेल्या मर्क या औषधकंपनीकडे मालमत्तेचा विमा होता. 1.4 अब्ज डॉलरच्या दाव्यावर विमाकंपन्यांनी, हा हल्ला म्हणजे युद्धकृत्यच असं म्हणत, युद्ध वगळणारं कलम पुढे केलं. 2023 मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मर्कच्या बाजूने निकाल दिला आणि उरलेल्या कंपन्यांशी तडजोड झाली ती जानेवारी 2024 मध्ये. मर्कसारखी कंपनी तेवढी वर्षं तग धरू शकते. तुमची धरेल का? शिवाय आता कलमंही बदलली आहेत. 31 मार्च 2023 पासून लॉइड्सच्या (लंडनच्या विमाबाजारातल्या) स्वतंत्र सायबर पॉलिसींना, एखाद्या देशाचा कारभार खिळखिळा करणारे सरकारपुरस्कृत हल्ले वगळावे लागतात.

हल्लेखोरांनी माहिती कुलूपबंद केली की खंडणी भरून सुटका होईल, हाही भरवसा नको. 2021 मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकन इंधनवाहिनी कंपनीने 75 बिटकॉइन मोजले. कुलूप उघडायला मिळालेलं साधन इतकं संथ निघालं की शेवटी स्वतःचे बॅकअपच वापरावे लागले.

मग विमा टाकाऊ का? मुळीच नाही. ग्राहकांची माहिती फुटली की वकील, तपासतज्ज्ञ, प्रत्येकाला कळवण्याचा खर्च, वर दाव्यांची रांग. यातलं काहीच बॅकअप भागवत नाही. ज्यांच्याकडे स्वतःची तांत्रिक माणसं नाहीत अशा छोट्या कंपनीला तर पॉलिसीसोबत मिळणारी तज्ज्ञांची फळी भरपाईच्या रकमेपेक्षा मोलाची ठरू शकते. त्यांनी विमा लवकर घ्यावा. मात्र अर्ज भरताना थापा नकोत. 2022 मध्ये अमेरिकेत एका विमाकंपनीने पॉलिसी रद्द करून मागितली, कारण अर्जात दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणं) आहे असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात ती सगळीकडे नव्हती.

काही संकटांत दोन्ही बाजू लंगड्या पडतात. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणकसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. हल्ला नव्हताच, त्यामुळे पॉलिसीत ‘यंत्रणा बिघाड’ धरलेला आहे का आणि सुरुवातीचे किती तास भरपाईबाहेर आहेत, यावर सगळं अडतं. इकडे बॅकअप असूनही अनेक यंत्रांपाशी माणूस जाऊन बसावा लागला. डीपफेकचं, म्हणजे संगणकाने बनवलेल्या खोट्या चेहऱ्या-आवाजाचंही तसंच. 2024 च्या सुरुवातीला उघड झालेल्या अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या प्रकरणात हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने खोट्या व्हिडिओ कॉलवर विश्वास ठेवून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. अशा फसवणुकीसाठी पॉलिसीत बहुधा वेगळी, बरीच कमी मर्यादा असते. आणि उपाय? आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर उलट फोन करायचा. खर्च जवळपास शून्य.

म्हणून माझा क्रम असा: आधी नेटवर्कपासून तोडून ठेवलेली एक प्रत आणि तिच्यावरून यंत्रणा खरोखर उभी करून पाहण्याचा सराव. त्या सरावाला किती दिवस लागले ते लिहून ठेवा. तेवढ्या दिवसांचं बुडणारं उत्पन्न हाच आकडा घेऊन मग विमा दलालाकडे जा, आणि वगळलेल्या गोष्टींचं पान आधी मागा.