आई-बाबांसाठी घेतलेला टॅब: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या गणपतीला गावी जाताना दहा इंची टॅब आणि स्टँड घेऊन गेले. आई ७१ वर्षांची, बाबा ७८. दोघंच संगमेश्वर तालुक्यातल्या घरी आणि मी इकडे नेरूळला. कॉल व्हॉट्सॲपवरच करतो, कारण आईला तेच येतं. आता आंबे उतरायला लागलेत, म्हणजे आठ महिने झाले.

पहिला महिना जागेपायी वाया गेला. टॅब शोकेसवर होता आणि बाबांच्या पाठीमागे खिडकी, त्यामुळे मला त्यांचा चेहरा काळाच दिसायचा. टॅब खिडकीखालच्या टेबलावर आणला, उजेड त्यांच्या तोंडावर आला आणि ते काम झालं. ऐकण्याचं मात्र अवघड होतं. मी 'सात वाजता' म्हटलं की बाबांना 'आठ वाजता' ऐकू यायचं, मग मी ओरडायचे. त्यांचे कान तपासले तेव्हा तिथल्या बाईंनी समजावलं की वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी अक्षरं गळतात आणि ओरडून ती परत येत नाहीत. सावकाश बोलायचं आणि आपलं तोंड नीट दिसू द्यायचं, कारण ऐकणारा नकळत ओठही बघत असतो. तेव्हापासून मी ट्यूबलाइट समोर येईल अशी बसते. 'काय म्हणालीस?' बरंच कमी झालंय.

रेंजचं काय सांगू! परतीच्या पावसात वीज पडली, राउटरचा अ‍ॅडॉप्टर गेला, आणि दुरुस्तीला माणूस यायला अकरा दिवस लागले. आता राउटरला छोटा यूपीएस लावलाय. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तोही चालू ठेवलाय. चित्र थोडं पुसट येतं, पण कॉल तुटत नाही.

सगळ्यात चांगलं जे झालं ते ठरवून झालं नाही. सुरुवातीला मी रोज रात्री 'जेवलात का, गोळ्या घेतल्या का' एवढं विचारायचे आणि पाच मिनिटांत बोलणं संपायचं. एकदा आई मोड आलेले वाल सोलत होती. मीही माझे वाल घेऊन समोर बसले. पाऊण तास आम्ही दोघी जवळजवळ गप्पच. मध्येच ती म्हणाली, "अगं, तुझे वाल जास्त भिजलेत, बोटात चिरडतायत बघ." एवढ्या लांबून तिला ते दिसलं! त्या दिवसापासून आम्ही कॉल लावून आपापली कामं करतो.

पण टॅबवर विसंबून राहू नका, हे मला जानेवारीत कळलं. बाबांना रोज तिथी सांगायची सवय. त्यासाठी ते स्वतः उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायचे. दोन दिवस ते आईला म्हणाले, "जरा कॅलेंडर दे गं." मला चुकल्यासारखं वाटलं. "बाबा, उठून मागच्या दाराची कडी लागलीय का बघता?" म्हटलं, तर ते टेबल धरून उठले. न्हाणीत पाय घसरला होता, घोटा सुजला होता आणि मला काळजी नको म्हणून दोघांनी लपवलं होतं. त्याच रात्री पनवेलहून तुतारी एक्सप्रेस पकडली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण तोपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. स्क्रीनवर खांद्याच्या खालचं काही दिसत नाही. म्हणून दर रविवारी आई टॅब हातात घेते आणि बाबा पुढे चालत मला आंब्याची कलमं दाखवतात. कलमं बघायची असतातच, पण मी त्यांची चाल बघते.

आणखी एक, हे आजच करा. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करण्याची सोय व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. शेजारच्या काकांना खाकीतल्या एकाने व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अरेस्ट' म्हणून धमकावलं होतं. अशी अटक कायद्यातच नाही, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मी टॅबच्या मागेच चिकटवलाय.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर आठ इंची घेईन. दहा इंची धरून आईचं मनगट दुखतं. येत्या रविवारी ती लोणच्याच्या कैऱ्या चिरायला बसणार आहे. मी इकडे दोन किलो आणून ठेवल्यात, पण अडकित्ता गावालाच आहे, त्यामुळे माझ्या फोडी विळीवरच्या.