दाढ गावात भरायची की बांबोळीला न्यायची?

डिचोलीहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जायचं म्हणजे कदंबची बस धरा, पणजीत बदला, मुलाची शाळा बुडालीच. त्यामुळे हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रँड (रक्त नीट गोठत नाही असे आजार) असलेल्या मुलाचा दात दुखला की आईबाप आधी बाजारातल्या दवाखान्याकडे वळतात. वळावं, पण आत नेमकं काय करणार ते विचारून.

तपासणी, फ्लोराइडचा लेप, दाढेच्या खाचा बुजवणं, वरवरची कीड काढून सिमेंट भरणं ही कामं गावातच करावीत, असं माझं ठाम मत. सुई बहुधा लागत नाही, आणि दवाखाना जवळ असला की सहा महिन्यांनी परत जाणं होतं. आमच्या मुलाला एका दवाखान्यातून आजाराचं नाव ऐकूनच परत पाठवलं. मग चवथ आली, नेवऱ्या झाल्या, आम्हीही रेंगाळलो. वर्षभरात कीड मुळाशी गेली आणि दाढ काढावी लागली.

काढायची तर बांबोळीच. दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) दोन्ही तिथेच, म्हणून दाताचे आणि रक्ताचे डॉक्टर एकमेकांशी बोलू शकतात. हिमोफिलिया ‘ए’ला 8वा फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन, ते शिरेतून देतात), ‘बी’ला 9वा, किती, ते रक्ताचे डॉक्टर ठरवतात. खालची दाढ बधिर करायला जबड्याच्या मागे खोल सुई देतात, तिला दात काढण्याइतकंच जपायला हवं. आत साचलेलं रक्त घशाकडे उतरलं तर श्वास अडतो. ‘नुसतं बधिर करतो’ म्हटलं तरी रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ देऊ नका.

रक्त थांबलं म्हणून आम्ही ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या (धरलेली गुठळी टिकवणाऱ्या) गोळ्या तिसऱ्या दिवशी बंद केल्या. चौथ्या रात्री उशीवर गुलाबी लाळ, हिरडीवर कलेजीच्या तुकड्यासारखी काळपट, मऊ गाठ लोंबत होती. पुन्हा बांबोळी. गोळ्या सांगितलेले सगळे दिवस द्या. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

हलणाऱ्या दुधाच्या दातासाठी सहसा धावपळ लागत नाही. ओला गॉझ पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. तरीही झिरपत राहिलं तर निघा.

दात काढायची तारीख घेताना फॅक्टर आणि खुर्ची एकाच सकाळची मागा. 8व्या फॅक्टरचा जोर साधारण 8 ते 12 तासांत निम्म्यावर येतो.