जुन्या वाड्याचे सागवान आणि भवानी पेठेतील कातकाम

शनिवार पेठेतील आमचा वाडा पाडला गेला, तेव्हा सगळे लाकूड घनफुटाच्या भावाने उचलून न्यायला ठेकेदार तयार होता. त्यातील एक खांब आणि कडीपाटाच्या दोन कड्या मी ठेवून घेतल्या आणि रोजच्या वापराच्या वस्तू करून घेण्यासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केटमागच्या एका छोट्या कातकामाच्या, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून वस्तू घडवण्याच्या, कारखान्यात गेले. पाडकामाच्या वेळी जुने लाकूड कोणाकडे न्यावे, हा प्रश्न अनेक घरांना पडतो, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पहिल्या दिवशी कारागिरांनी लेथ सुरूच केला नाही. त्यांनी खांबावरून लोहचुंबक फिरवले आणि काळे डाग खडूने खुणावून ठेवले. सागवानात लोखंड गंजले की भोवतीचे लाकूड काळे पडते, त्यामुळे डोके तुटून आत राहिलेला खिळाही डागावरून सापडतो. "ताई, एक खिळा जरी राहिला तरी पटाशीची धार गेली आणि तुकडा उडाला तर माझा डोळा," असे म्हणत त्यांनी अकरा खिळे उपसले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात आमचा तळमजला पाण्याखाली होता. खांबाच्या बुडाशी असलेल्या भेगेतून त्यांनी तारेने पिठासारखा मऊ गाळ कोरून काढला, तेव्हा मला काही क्षण बोलता आले नाही. कडीवरचा जुना तैलरंगही त्यांनी घासून उडवला नाही. अशा रंगात शिसे असू शकते, म्हणून तोंडाला मास्क बांधून, दाराबाहेर बसून, त्यांनी तो ओला करून खरवडला.

खांबाचा मोठा वाडगा होईल, अशी माझी कल्पना होती. खांब सात इंच जाडीचा होता, परंतु मधला गाभा वाडग्यात राहिला तर तेथून चीर जाते. म्हणून त्यांनी खांब गाभ्यावरून उभा चिरला आणि प्रत्येक अर्ध्या भागातून सहा इंचांचे दोन, असे चार वाडगे काढले. ओल्या लाकडाचा वाडगा वाळताना लंबगोल होतो, येथे मात्र लाकूड कित्येक दशके वाळलेले असल्याने चार महिन्यांनंतरही चारही वाडगे टेबलावर डुगडुगत नाहीत. सागवानात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे धार लवकर बसते. एका वाडग्यासाठी ते तीनदा सहाणेकडे उठलेले मी स्वतः पाहिले. शेवटचा हात फिरला, तेव्हा राखाडी लाकडाखालून मधाच्या रंगाच्या, एकमेकींना चिकटलेल्या बारीक रेषा वर आल्या आणि कारखान्यात नव्या सागवानासारखाच तेलकट वास पसरला.

तक्रारीची जागा एकच आहे, पण ती महत्त्वाची आहे. खिळ्यांची भोके त्यांनी भुसा आणि सरस कालवून भरली होती आणि दुसऱ्याच धुण्यात एका वाडग्यातील भरण निघून आले. खाण्याच्या भांड्यात हे चालणार नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी हुज्जत न घालता आमच्याच कडीच्या सागवानी खुंट्या ठोकून भोके बंद केली. हे आधीच व्हायला हवे होते. लाखेची झिलई दिसायला देखणी असली तरी गरम पदार्थाने मऊ पडते, म्हणून मी वाडग्यांना जवसाचे तेल आणि मेण लावून घेतले. ते मात्र आपणहून सांगावे लागते.

आठ दिवसांचे काम साडेतीन आठवड्यांनी मिळाले. चार वाडगे, एक लाटणे आणि ताकाची रवी यांचे एकूण २,६०० रुपये झाले. बाजारातील तयार वस्तूंपेक्षा ही किंमत जास्त आहे, पण कामाचा निम्मा वेळ लाकूड साफ करण्यात गेला, हे मी पाहिले आहे. माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाने रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे ताट मागितले, तेव्हा त्या लाकडात क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेले विषारी तेल, असते, असे सांगून त्यांनी काम परत पाठवले. बिलात न धरलेला एक भोवराही त्यांनी माझ्या नातवासाठी दिला. त्याची आर आमच्याच खांबातल्या चौकोनी खिळ्याची आहे.

दुसरी कडी अजून गच्चीत ताडपत्रीखाली आहे. दिवाळीनंतर तीही मी तेथेच नेणार आहे, फक्त या वेळी खुंट्यांचे आधीच ठरवून घेईन.